व्हरांड्यांची वही

आमच्या गल्लीचा घरकर माझ्यामुळे वाढला. गल्लीतले दोन-तीन जण अजून म्हणतात की तो तसाही वाढणारच होता, शहराच्या तिजोरीत खडखडाट आहे, ते कुणाच्या ना कुणाच्या खिशात हात घालणारच. ते माझ्या समाधानासाठी म्हणतात. कर वाढला असता हे खरं, पण मागच्या इतक्या वर्षांची थकबाकी निघाली नसती. ती माझ्यामुळे निघाली. ती कशी निघाली आणि कशी मिटली, हे मला लिहून ठेवायचं आहे. लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात ते काम बायकोकडे होतं.

मी सुतार. लोक मिस्त्री म्हणतात. पन्नास वर्षं दारं-खिडक्या केल्या. आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत, एकाला एक लागून, कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली. मीही तेव्हा तिथलाच सुतार. कारखाना बंद पडला तेव्हा ती ज्याच्या त्याच्या नावावर झाली. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली, आणि सगळ्यात मागे अरुंद व्हरांडा, तीन बाजूंनी उघडा. थंडीत तिथे उभं राहवत नसे, म्हणून मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे ठेवायला त्याचा उपयोग. आमचा व्हरांडा मी पहिल्यांदा बंद केला. कंबरेपर्यंत फळ्या, वर काचेची तावदानं. बायको म्हणाली, ही तर घरातली सगळ्यात चांगली खोली झाली. मग शेजाऱ्याने पाहिला, त्याला तसाच हवा झाला, मग त्याच्या शेजाऱ्याला. असं करत बारा-तेरा वर्षांत बावीसच्या बावीस व्हरांडे मी बंद केले.

नकाशात ही घरं सारखी आहेत. प्रत्यक्षात एका घराची चौकट दुसऱ्या घरात बसणार नाही, इंच-अर्धा इंच इकडे तिकडे आहेच. म्हणून प्रत्येक घरी नव्याने माप घ्यावं लागे. मी शिडीवरून माप सांगायचो आणि ती खाली वही घेऊन उभी राहायची. माझं अक्षर असं की माझा एक आणि माझा नऊ मलाच वेगळा ओळखू येत नाही. त्यापायी सुरुवातीला एक अख्खी खिडकी वाया गेली, तेव्हापासून वही तिने घेतली. मी माप सांगितलं की ती ते परत मोठ्याने म्हणायची, मी ‘हो’ म्हटलं की मगच लिहायची. तिच्या मापावर कापलेलं एकही लाकूड पुन्हा कापावं लागलं नाही.

ती गेल्याला तीन आठवडे झाले होते तेव्हा पालिकेचा मोजणीवाला आला.

शहरातली सगळी घरं नव्याने मोजायची असं त्या वर्षी ठरलं होतं. अंदाजपत्रकात मोठं भगदाड होतं आणि ते घरकरातून बुजवायचं होतं. मला त्याची खबर नव्हती. मी पेपर वाचत नव्हतो, दार उघडत नव्हतो, मुलगी आठवडाभर राहून तिच्या गावी परत गेली होती. दारात पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस उभा. बगलेत रजिस्टर, हातात पोलादी टेप. म्हणाला, “मोजणी. पाच मिनिटं.”

त्याने पुढच्या खोलीत टेप लावला. एकटा माणूस, टेप मध्येच झोळासारखा लोंबत होता.

“टेप ताणा,” मी म्हणालो. “असं माप जास्त येतं.”

“अहो, चालतंय. सगळीकडे असंच.”

“चालतंय कसं?” मी दुसरं टोक धरलं.

आम्ही तीन खोल्या मोजल्या. तीन आठवड्यांत माझ्या हाताला पहिल्यांदा काम मिळालं होतं. तो आकडा म्हणायचा, मी नजरेने ताडायचो, बरोबर यायचा. त्यालाही मजा वाटली. स्वयंपाकघर झाल्यावर त्याने रजिस्टर मिटलं.

“मागे व्हरांडा आहे ना उघडा? तो जुन्या नोंदीत आहे. अर्ध्या दराने लागतो. झालं आपलं.”

तो निघाला होता. त्याने मागच्या बाजूला पाऊलही टाकलं नव्हतं. मी म्हणालो, “उघडा कुठे? या, दाखवतो.”

का म्हणालो, हे मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. मी एवढंच सांगू शकतो की तो गेला असता तर घरात पुन्हा मी एकटाच उरलो असतो. आणि तो व्हरांडा माझं सगळ्यात चांगलं काम आहे. शेवटचे पाच महिने तिचा पलंग तिथेच होता. तावदानांतून सकाळभर ऊन यायचं.

त्याने झडपा उघडझाप करून पाहिल्या. “एकतीस वर्षं झाली,” मी म्हणालो. “अजून बिजागरी कुरकुरत नाही.”

“तुम्ही केलंत?”

“बावीसही घरांचं मीच केलंय.”

“असं?” तो म्हणाला. “सगळी बंद आहेत?”

“सगळी. वही आहे ना.”

मी वही काढून आणली. बायको जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या दिवसांत मी ती वही उघडली नव्हती. खरं तर मला ती उघडायला कुणीतरी शेजारी हवं होतं. त्याला मी चहा दिला आणि पानं उलटून दाखवत बसलो. घर नंबर, माप, लाकूड, काम सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख. खाली तिचे शेरे. ती मापाखाली मनात येईल ते लिहायची.

“अक्षर चांगलं आहे हो,” तो म्हणाला.

“बायकोचं.”

“कुठे आहेत त्या?”

मी सांगितलं. त्याने एक पान सावकाश उलटलं. मग म्हणाला, “मिस्त्री, ह्या पानांचे फोटो घेऊ का?” मला वाटलं, त्याला अक्षर आवडलं. मी त्याला दुसरा चहा दिला.

दोन महिन्यांनी बावीस घरांत बावीस नोटिसा आल्या. उघडा व्हरांडा म्हणून अर्धा दर भरत होतो, तिथे खोली म्हणून पूर्ण दर. तो यापुढचा झाला. शिवाय व्हरांडा ज्या तारखेला बंद केला त्या तारखेपासून आजपर्यंतचा फरक, त्यावर व्याज, आणि बांधकाम लपवलं म्हणून दंड. तारखा आमच्या वहीतल्या. कुणाच्या नोटिशीत पंचवीस वर्षं, कुणाच्या बावीस. नव्वद दिवसांत भरलं नाही तर घरावर जप्ती.

माझ्या नोटिशीतला आकडा माझ्या दीड वर्षाच्या पेन्शनएवढा होता. त्याचं मला काही वाटलं नाही, त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पण संध्याकाळी सतरा नंबरची शिलाईवाली माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिचा नवरा इमारतीची परांची बांधताना पडला, त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तो पलंगावर आहे. ती व्हरांड्यात मशीन टाकून बसते, शाळांचे गणवेश शिवते. उजेड फक्त तिथेच आहे.

“दादा,” ती म्हणाली, “हे खरंय का? तुम्ही वही दाखवलीत?”

“दाखवली.”

“माझं पान पण?”

“सगळीच होती त्यात.”

तिने नोटीस माझ्यापुढे धरली. आकडा वाचून दाखवला नाही. “चार वर्षं शिवलं आणि काही खाल्लं नाही तर भरता येईल,” ती म्हणाली. “मी ह्यांना अजून सांगितलं नाहीये. घर गेलं तर ह्यांना घेऊन कुठे जाऊ, तेवढं सांगा. पायऱ्या नसलेली जागा बघून सांगा.”

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी गल्लीतले आठ-दहा जण बारा नंबरमध्ये जमले. बारा नंबरवाल्याला सगळे वकील म्हणतात. तो वकील नाही. कोर्टात कारकून होता, चाळीस वर्षं फायली वाहून वाहून कायदा त्याच्या अंगात भिनला असं त्याचं म्हणणं. मला बोलावलं होतं. मी गेलो तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं.

“बसा मिस्त्री,” नऊ नंबरवाला म्हणाला. “त्याला चहाही पाजलात म्हणे.”

“दोनदा,” मी म्हणालो.

“बिस्किटं?”

“नव्हती घरात.”

कुणीतरी हसलं. नऊ नंबरवाला हसला नाही. “नाहीतर तीही दिली असती. आमच्या दारापर्यंत आला असता तर आम्ही बघून घेतलं असतं ना. बावीस घरांत एका दुपारी कुणाला फिरायचं होतं? तुम्ही त्याला बसल्या जागी सगळी गल्ली ताटात वाढून दिलीत.”

“पुरे,” वकील म्हणाला. “माणसाची बायको गेलीय.”

“तिच्याबद्दल मी काही बोललो का? ती माझ्या बहिणीसारखी होती.”

वकिलाने चष्मा लावून नोटीस पुन्हा वाचली. मग त्याने समजावून सांगितलं. व्हरांडे बंद आहेत हे आता लपणार नाही, कुणीही येऊन बघेल. तेव्हा यापुढचा कर वाढला तो वाढला. पण ते कधी बंद केले, याला पालिकेकडे एकच पुरावा आहे, ती वही. वहीतल्या तारखा धरल्या नाहीत तर त्यांना मोजणीच्या दिवसापासूनच कर लावता येईल. मागची थकबाकी, व्याज, दंड, सगळं गळून पडेल.

“मग वही जाळा,” नऊ नंबरवाला म्हणाला.

“फोटो आहेत त्यांच्याकडे. वही हजर केली नाही तर फोटो खरे धरतील. वही न्यायची आणि ती भरवशाची नाही हे दाखवायचं.” वकील माझ्याकडे वळला. “मिस्त्री, मला जरा बघू द्या.”

वही मी बरोबर नेली होती. त्याने पानं उलटली आणि त्याचं तोंड हळूहळू खुललं. तो शेरे वाचत होता.

“हे बघा. हे बघा ना. ही काय नोंदवही आहे? यात गप्पा आहेत नुसत्या. असं लिहिणारी बाई तारखा नीट लिहीत असेल हे कोण मानेल? तुम्ही खोटं बोलायचं नाही मिस्त्री. एवढंच म्हणायचं की ती अंदाजाने लिहायची. काम झाल्यावर कधीतरी, आठवेल तसं. विरंगुळा म्हणून.”

“ती मीठसुद्धा कधी अंदाजाने घालत नव्हती,” मी म्हणालो.

“मला माहिताय. पण अधिकाऱ्याला माहीत नाही.”

मी वही त्याच्या हातातून परत घेतली. शिलाईवाली दाराजवळ उभी होती.  घरी पलंगावरच्या माणसाला पाणी द्यायची वेळ झाली म्हणून ती मध्येच निघून गेली, आणि ती गेल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, आईला आता काय फरक पडतो? तिने स्वतःच सांगितलं असतं, बोलून टाका म्हणून.”

“सांगितलं असतं,” मी म्हणालो. ते खरंच होतं. तिला सतरा नंबरचं घर जाणं चाललं नसतं. पण तिने स्वतः सांगणं वेगळं. आता तिच्या तोंडून ते वदवून घेणारा मी, आणि तिला विचारणारं कुणी नाही.

वकिलाने सगळ्या घरांतर्फे हरकतीचा अर्ज दिला होता. त्याच्या सुनावणीच्या दिवशी वकील आणि मी पालिकेत गेलो. आणखी पाच-सहा जण आले, शिलाईवाली नवऱ्याजवळ शेजारणीला बसवून आली. तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येक बाकावर नोटिसा घेतलेली माणसं. तिथे मला नर्सबाई भेटली. आमच्या घरी पाच महिने यायची, आठवड्यातून दोनदा, पालिकेच्या दवाखान्यातून. जखमा धुवायची, इंजेक्शन द्यायची, आणि बायको तिला म्हणायची की तुझे हात गार आहेत, आधी चहाचा कप धर, मग मला हात लाव. आम्हाला त्याचं काही द्यावं लागलं नव्हतं.

“आजोबा, इथे कुठे?” ती म्हणाली.

“करासाठी.”

“भरायला?”

“नाही. कमी करून घ्यायला.”

ती जरा हसली. तिच्या हातातही एक पाकीट होतं. “आमचं पेशंटच्या घरी जाणं बंद होतंय,” ती म्हणाली. “महिनाअखेरीस. पैसे नाहीत म्हणतात. आम्ही सोळा जणी आहोत, सहीला बोलावलंय.”

 ज्या कामासाठी आलो होतो त्याची मला लाज वाटली. “जेवलीस का?” असं काहीतरी मी विचारलं. तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते समजलं नाही, आणि ती पलीकडच्या दारात गेली.

सुनावणी घेणारी अधिकारी पन्नाशीची बाई होती. तिला सर्दी झाली होती आणि टेबलावर रुमालांचा ढीग. खोली लहान, आम्ही भिंतीला टेकून उभे. मोजणीवाला कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली.

“वही तुमचीच?” बाईने विचारलं.

“हो.”

“अक्षर?”

“बायकोचं.”

“त्या नाहीत असं दिसतंय इथे.” ती कागदावरून नजर वर न करता म्हणाली, पण आवाज मवाळ होता. मग तिने वही उघडली.

वकिलाने घसा खाकरला. “मॅडम, एक विनंती. शेरे वाचावेत. नोंदी कशा स्वरूपाच्या आहेत ते लक्षात येईल.”

बाईने चष्मा नाकावर घेतला आणि वाचायला लागली. आधी मनात. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि ती मोठ्याने वाचू लागली.

“घर नऊ. नऊ फूट तीन, चार फूट अकरा. मालकांनी भाव तीनदा केला, चहा एकदाच दिला.”

नऊ नंबरवाला माझ्या बाजूलाच होता. तो भिंतीकडे वळला. मागे कुणीतरी खुदखुदलं.

“घर चौदा. ताईंना चौकट निळी हवी, भाऊजींना हिरवी. आम्ही राखाडी दिली. आता ते दोघं एकमेकांशी बोलतात, आमच्याशी बोलत नाहीत.”

आता सगळेच हसले. मोजणीवाल्यानेही तोंडावर हात धरला. बाईने नाक पुसलं आणि पुढचं पान उलटलं. मला वाटलं, ती थांबेल. ती थांबली नाही. तिलाही सकाळपासून रडगाणी ऐकून कंटाळा आला असेल.

“घर सतरा. नऊ फूट दोन, चार फूट दहा. पैसे घेऊ नका असं मी सांगितलं. ह्यांनी ऐकलं. लिहून ठेवते, पुन्हा असं होईल न होईल.”

सगळी खोली हसली. मीही हसलो. ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो असेन. तिच्या बोलण्याची लकब त्या परक्या बाईच्या सर्दीतल्या आवाजातूनही नेमकी येत होती. कोपऱ्यात शिलाईवाली मात्र पदराने डोळे पुसत होती. ते पैसे आम्ही मुद्दाम घेतले नाहीत हे तिला ठाऊक नव्हतं. लाकूड उरलेलं आहे, फुकट जाईल, असं तिला बायकोने तेव्हा सांगितलं होतं.

बाईने वही टेबलावर ठेवली आणि तिचा चेहरा पुन्हा कामाचा झाला. “आजोबा, मी सरळ विचारते. पुढच्या महिन्यात अशा सातशे सुनावण्या आहेत माझ्याकडे. ह्या तारखा खऱ्या आहेत का?”

वकिलाचा कोपर मला लागला.

मी वहीकडे बघितलं. उघडं पान सतरा नंबरचंच होतं. काम संपल्याची तारीख, आणि तारखेखाली तिने रेघ मारलेली. ती प्रत्येक तारखेखाली रेघ मारायची, काम पुरं झालं म्हणून. त्या दिवशी काय वार होता, काय ऊन होतं, शिलाईवालीने मशीन कसं खेचत आणलं, मला सगळं आठवत होतं. तारीख खरी होती. सगळ्या तारखा खऱ्या होत्या.

“नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“तिला लिहायचा नाद होता. मापं मी घ्यायचो, ती मागाहून कधीतरी लिहायची. आठवेल तसं. तारखा तिच्या मनाच्या आहेत.”

“आणि मापं?”

हे वकिलाने शिकवलं नव्हतं. मापं खरी आणि तारखा खोट्या, असं कुणी मानलं नसतं. बाई पेन उचलून थांबली होती.

“मापंही,” मी म्हणालो. “त्यावर मी कधी काम केलं नाही. मी पुन्हा मोजून घ्यायचो.”

“म्हणजे ही वही विश्वासार्ह नाही, असं तुमचं म्हणणं.”

“हो.”

“त्यांच्या नोंदींवर तुमचा भरवसा नव्हता.”

“नव्हता.”

तिने लिहिलं. तिला खरं काय ते कळलं होतं असं मला वाटतं, कारण लिहून झाल्यावर ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला वाटत असेल पालिका लुटते. पलीकडच्या खोलीत आज सोळा नर्सना कामावरून कमी करतायत, पैसे नाहीत म्हणून. बसा बाहेर.” मी म्हणालो, माझी वही? ती म्हणाली, वही फाइलला लागेल. मूळ पुरावा आहे. फाइल बंद झाल्यावर अर्ज करा.

बाहेरच्या कारकुनाला मी विचारलं, फाइल कधी बंद होते. तो म्हणाला, बारा वर्षांनी. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आजोबा, नियम मी केलेले नाहीत.”

बसमध्ये वकील माझ्या शेजारी बसला. नऊ नंबरवाल्याने माझं तिकीट काढलं. उतरताना तो म्हणाला, “चहा मी एकदाच दिला होता हे खरंय,” आणि पुढे निघून गेला. शिलाईवाली आमच्याबरोबर चालत होती.

निकाल दीड महिन्याने आला. बावीस घरांची मागची थकबाकी, व्याज आणि दंड रद्द. यापुढे पूर्ण दर. तो भरताना सगळ्यांचीच ओढाताण होते आहे. सोळा नंबरवाल्याने वरची खोली भाड्याने दिली, वकिलाने औषधं एक दिवसाआड केली आहेत. शिलाईवाली पहाटे एक तास आधी मशीनवर बसते, तो आवाज मला माझ्या व्हरांड्यात ऐकू येतो. पण घर कुणाचं गेलं नाही.

निकालाचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. ह्या वेळी आत आली, बसली. माझ्या डोळ्यांना बारीक छपाई दिसत नाही, म्हणून मी तिलाच वाचायला सांगितलं. ती सावकाश वाचत होती. एका ठिकाणी तिचा आवाज अडला आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

“मधलं राहिलं,” मी म्हणालो.

“काही नाही दादा, कायद्याचं काहीतरी आहे.”

“वाच.”

तिने वाचलं. “मिस्त्री यांच्या जबाबानुसार त्यांची मयत पत्नी सदर वहीत अंदाजाने व स्वतःच्या कल्पनेने नोंदी करीत असे. तिच्या लिखाणावर स्वतः पतीचाही विश्वास नव्हता. सबब सदर वही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “मी तसंच सांगितलं होतं.”

तिने माझी प्रत घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकली. “हा तुमच्या घरात नको,” ती म्हणाली.

“ठेव इथे. लागतो तो. पुढे कुणी थकबाकी मागायला आलं तर तोच दाखवायचा.”

तिने तो परत काढला आणि टेबलावर ठेवला. तिच्या घरीही तोच कागद आहे. प्रत्येक घराला एक प्रत मिळाली, सगळ्यांत मजकूर एकच, फक्त घर नंबर वेगळा. लोकांनी तो घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात जपून ठेवला आहे, ठेवायलाच हवा. आम्ही म्हातारे गेल्यावर मुलं कपाटं उघडतील, नवे मालक येतील. तिला त्यांनी कधी पाहिलेलं नसेल. तिच्याबद्दल लिहिलेलं त्यांना तेवढंच सापडेल, बावीस घरांत, पालिकेच्या शिक्क्यासह.